खुंटीवरची माळ

तासगाव तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावात दरवर्षी माघात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा त्या सप्ताहाचा कणा. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि नवा पहारेकरी तासभर एका जागी उभा राहून तार छेडीत नाम घेत राहतो. मंदिराच्या भिंतीवर पहाऱ्याची यादी लावलेली असते. दिवसाचे पहारे पटापट भरतात, पण रात्री दोन ते चारच्या पहाऱ्यांसाठी माणसे शोधावी लागतात, आणि तरीही पहारा माळकऱ्यालाच द्यायचा, हा आमच्या गावचा नेम कोणी कधी मोडलेला नाही.

चार वर्षांपूर्वी रात्री दोनचा पहारा आमच्या भावकीतल्या एका अण्णांकडे होता. कीर्तन संपून मंडप बराचसा रिकामा झाला होता आणि आम्ही सात-आठ बायका दुसऱ्या दिवशीच्या पंगतीसाठी भाजी निवडत बसलो होतो. अण्णा आले, वीणा घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या पाया पडले, पण गळा पुढे केला नाही. हात जोडून म्हणाले, “मी वीणा धरायचा न्हाई. आठ दिसांमागं जावळाच्या जेवणाला माझी माळ खुंटीला हुती.”

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माळकऱ्याने मांसाहार आणि दारू वर्ज्य मानायची असते. पण जावळाचे बोकड पडते, पाहुणे आग्रह करतात, मन चळते. मग माळ काढून खुंटीला अडकवायची, जेवायचे, दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून ती परत गळ्यात घालायची. हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. अण्णा बोलले. मंडपात होते तेवढे सगळे गप्प झाले, आणि मग समितीतले एक वडीलधारे म्हणाले, “हे आत्ताच सांगायचं हुतं का?” पहाऱ्याला दुसरा माणूस उठवून आणला. अण्णांचे नाव यादीतून खोडले गेले ते पुढच्या तीन सप्ताहांतही परत आले नाही. त्याच जावळाच्या पंगतीला माळ खुंटीला अडकवून बसलेले आणखी चार जण त्या आठवड्यात वीणा गळ्यात घेऊन उभे राहिले. हे मी खात्रीने सांगते, कारण त्या पंगतीला वाढणाऱ्या बायकांत मी होते.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. साधनेच्या वाटेवर माणूस पुढे गेला की नाही, हे कशावरून ठरवायचे? तो किती शुद्ध आहे यावरून, की तो किती खरा आहे यावरून? हा ज्याच्या त्याच्या मनाचा खासगी प्रश्न आहे असे मला वाटत नाही. सप्ताह समित्या, भजनी मंडळे, मठ आणि मंदिरांचे विश्वस्त रोज या प्रश्नाचे उत्तर देत असतात: कोणाला पुढे बसवायचे, कोणाला मागे, कोणाचे नाव खोडायचे, हे ठरवताना. आणि ते उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण शुद्धतेला पहिल्या पाटावर बसवले आहे आणि खरेपणाला दाराबाहेर उभे केले आहे.

शुद्धता वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. मिरजेला माझ्या सासूबाई पहाटे अंघोळ झाल्याशिवाय चुलीला हात लावीत नसत आणि त्यांच्या त्या नेमात एक शांतता होती, जी पुढे दिवसभर घरात पुरत असे. माळ घातली म्हणून दारू सुटलेली माणसे मी पाहिली आहेत; कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतली भांडी विकायची वाचली ती त्या माळेमुळेच. नेमाशिवाय मन ताळ्यावर येत नाही, हे वारकऱ्यांना जितके कळले आहे तितके पुस्तके वाचणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींना कळलेले नाही. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. खरेपणा आधी आणि शुद्धी त्याच्यामागून, असा क्रम असेल तर शुद्धी माणसाला घडवते. क्रम उलटा झाला की तीच शुद्धी माणसाला लपायला शिकवते.

हा क्रम मी माझ्या मनाने लावलेला नाही. पतंजलींच्या अष्टांगयोगात आधी यम, म्हणजे वागण्याची बंधने, येतात आणि मग नियम, म्हणजे स्वतःपुरते आचार. सत्य येते ते यमांत, अहिंसेच्या पाठोपाठ. शौच, म्हणजे शुद्धी, येते ती नियमांत. हा केवळ मोजणीचा क्रम आहे असे कोणी म्हणू शकेल, पण सूत्रांत यमांविषयी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे: जात, देश, काळ आणि प्रसंग यांची मर्यादा त्यांना नाही, ते सार्वभौम महाव्रत आहे. नियमांविषयी असे म्हटलेले नाही. याचा सरळ अर्थ मला असा दिसतो की शौचाला परिस्थितीप्रमाणे सवलत मिळू शकते, सत्याला नाही. आपल्या गावात नेमके उलटे आहे. शौचाला सवलत नाही म्हणून सत्याला ती रोज मिळते.

गीतेतही हीच दिशा आहे. तिसऱ्या अध्यायात, जो कर्मेंद्रिये आवरून बसतो पण मनाने विषय चघळत राहतो, त्याला मिथ्याचारी म्हटले आहे. म्हणजे बाहेरची शुद्धी साधलेल्या माणसालाही खोटा म्हणायला गीता कचरत नाही. आणि सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना सुरू होते ती अभयापासून. अंतःकरणाची शुद्धी त्यानंतर येते. अभय आधी का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भ्यालेला माणूस स्वतःकडे पाहू शकत नाही, हे त्याचे उत्तर मला अण्णांच्या त्या रात्रीने दिले. वीणा न घेता हात जोडून उभे राहायला जे लागते ते अभय, आणि ते ज्याच्याजवळ आहे त्याचीच शुद्धी सुरू होऊ शकते.

यावर शास्त्र जाणणारे एक भक्कम आक्षेप घेतील. चित्तशुद्धी झाल्याशिवाय ज्ञान होत नाही, कर्मे आणि नेम आहेत ते चित्तशुद्धीसाठीच, ही अद्वैत परंपरेची शिकवण आहे, आणि ती बाजूला सारून तुम्ही खरेपणाचे काय घेऊन बसलात, असे ते विचारतील. तो आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण चित्त शुद्ध करायचे म्हणजे नेमके काय करायचे? कपड्याचा डाग धुवायचा तर तो उजेडात धरून पाहावा लागतो. ज्या घरात डाग दाखवणाऱ्याला बाहेर काढतात त्या घरात कपडे धुतले जात नाहीत, घडी घालून डाग आतल्या बाजूला ठेवले जातात. चित्तशुद्धी हवी असणाऱ्याने सर्वांत आधी डाग दाखवण्याची सोय केली पाहिजे. तेव्हा शास्त्राशी माझे भांडण नाही. शास्त्राचे नाव घेऊन घडी घालणाऱ्यांशी आहे.

शुद्धतेचा हट्ट माणसाकडून काय काय करवून घेतो याची दोन उदाहरणे आमच्या या भागातल्या इतिहासात आहेत आणि ती माझ्या युक्तिवादापेक्षा अधिक बोलकी आहेत.

पहिले मसूरचे. 1901 साली साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्थानकावर उतरली. त्यांना वडिलांच्या नोकरीच्या गावी जायचे होते. त्यांच्यात नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. मुले महाराची आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा नूर बदलला, बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, या बोलीवर एक गाडी ठरली. सोबत खायला होते पण प्यायला पाणी नव्हते, आणि पाणी कोणी दिले नाही. रात्री वाटेत जकात नाक्यावर थांबायची वेळ आली तेव्हा गाडीवानाने सल्ला दिला की आपण मुसलमान आहोत असे सांग. तो मुलगा नाकेदारापाशी गेला, त्याच्याशी उर्दूत बोलला आणि पाणी मागितले. तरीही मिळाले नाही. बाबासाहेबांनी पुढे हे सगळे स्वतः लिहून ठेवले आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा हा प्रसंग मुलांना सांगताना तहानेपाशी माझा आवाज अडखळत असे. आता वय झाल्यावर मी त्या उर्दूपाशी अडखळते. गाडीवानाची शुद्धता, नाकेदाराची शुद्धता, सगळ्या रस्त्याची शुद्धता जपण्यासाठी एका तहानलेल्या पोराला खोटे बोलावे लागले. ज्या पावित्र्याला टिकून राहण्यासाठी लेकरांच्या खोट्याची गरज पडते, त्यात पवित्र काय आहे?

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. विद्यार्थी असताना ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य मुलांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटन समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून अंघोळ कर असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगमधून बाहेर जावे लागले तरी त्यांनी ती अंघोळ केली नाही.

या अंघोळीपाशी थोडे थांबले पाहिजे. किती लागले असते? दोन बादल्या पाणी आणि दहा मिनिटे. एरवी रोज करतो तीच अंघोळ आणखी एकदा करायची होती. बोर्डिंग टिकले असते, शिक्षण सुरळीत चालले असते, मनात काय आहे ते मनात ठेवता आले असते. माझ्या ओळखीच्या शंभरांतल्या नव्याण्णवांनी, कदाचित मीसुद्धा, ती अंघोळ केली असती आणि वर म्हटले असते की अंघोळच तर आहे, तिच्याने काय होते. भाऊरावांना मात्र कळले होते की ती अंघोळ म्हणजे एक विधान आहे, आणि ते विधान खोटे आहे. ‘तिकडची मुले घाण होती’ असे ते पाणी अंगावर घेणाराच म्हणत असतो, तोंड न उघडता. शुद्ध होण्याच्या क्रियेनेच माणूस खोटा होतो, असा तो प्रसंग होता, आणि त्या तरुणाने अशुद्ध राहून खरे राहणे पत्करले. पुढे 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे आणि एका पंगतीत जेवायचे असे वसतिगृह निघाले, ज्याला 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. त्या पंगतीचे मूळ मला न केलेल्या त्या अंघोळीत दिसते. भाऊरावांना कोणी संत म्हणत नाही. पण आत्मिक वाढ म्हणून जे काही असते ते त्या नकारात जितके मला दिसते तितके अनेक मठांच्या पायऱ्यांवर दिसलेले नाही.

हे जुने झाले, आता तसे राहिलेले नाही, असे म्हणून सुटता येणार नाही. आजही घरात पूजा, गृहशांती किंवा लग्न निघाले की घरातल्या सुना आणि पोरी औषधाच्या दुकानात जाऊन पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात. माझ्या एका भाचीने तिच्या लग्नाआधीच्या दोन महिन्यांत तीन कार्यांसाठी तीनदा त्या घेतल्या, आणि नंतर तिच्या अंगावरून इतके गेले की सलाईन लावावे लागले. तिची होणारी सासू मनाने वाईट नव्हती. तिने फक्त इतकेच विचारले होते की तुझी तारीख कधी आहे. देहाने जे सहज करायचे ते थांबवून, शरीरालाच एक खोटे बोलायला लावून, आम्ही देवापुढे शुद्ध म्हणून उभ्या राहतो. तिथे देव आहे अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी तरी विचार करावा की तो नेमके काय पाहत असेल.

शुद्धतेचा हा कारभार भोंदू बुवांना किती सोयीचा पडतो हेही उघड आहे. बुवाच्या पांढऱ्या वस्त्रावर प्रश्न विचारायचा नसतो आणि भक्ताच्या मनातला डाग बाहेर यायचा नसतो. दोघांच्या गप्प बसण्यावर तो धंदा उभा राहतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य या गप्प बसण्याविरुद्ध घालवले, आणि 2013 साली त्यांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्याने बुवा पकडला जाईल. गप्प बसण्याची सवय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते.

आता दुसऱ्या बाजूचा धोका. गेल्या काही वर्षांत खरेपणा या शब्दाला बाजारात फार भाव आला आहे. ‘मी असाच आहे’, ‘मनात येते ते तोंडावर बोलतो’, ‘मला ढोंग जमत नाही’ अशी वाक्ये तरुण मुले छातीवर बिल्ला लावावा तशी मिरवतात. बायकोवर हात उगारणारा नवराही म्हणतो की माझा स्वभाव तापट आहे, पण मन साफ आहे. यालाच खरेपणा म्हणायचे असेल तर सासूबाईंची पहाटेची अंघोळ शतपटीने बरी. खरेपणा आणि मोकाटपणा यांतला फरक मला शब्दांत नीट सांगता येत नव्हता. तो मिरजेत एका सतारीच्या कारखान्यात मला डोळ्यांनी पाहता आणि कानांनी ऐकता आला.

मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत आमच्या घरून पाच मिनिटांत जाता येते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे तिथे माळ्यांवर वाळत टांगलेले असतात. मुलगी सतार शिकत होती तेव्हा तिच्या सतारीची जवारी काढून आणायला मी जात असे. जवारी काढणे म्हणजे सतारीच्या घोडीचा, ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा, वरचा पृष्ठभाग कानशीने अगदी सूक्ष्म घासून त्याला किंचित उतार देणे. तार कंप पावताना त्या उताराला हलकीशी घासत राहते आणि त्या घासण्यातून तिच्या एका स्वरात अनेक स्वर जागे होतात. कारागीर म्हातारा होता. कानशीचे दोन हात मारायचा, तार चढवायचा, एकदाच छेडायचा, मान हलवायचा, तार उतरवून पुन्हा दोन हात मारायचा. त्या दिवशी असे बारा-पंधरा वेळा झाले. मी विचारले, “चाचा, तार कुठेच घासली नाही तर आवाज अधिक शुद्ध येणार नाही का?” त्यांनी मला तार नुसत्या धारेवर ठेवून ऐकवली. स्वर स्वच्छ होता, आणि ऐकल्याबरोबर संपला. “साफ आहे,” ते म्हणाले, “पण बोलत नाही.” तंबोऱ्याच्या घोडीवर तर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, तेवढ्यासाठीच, आणि त्या दोऱ्याला जीव म्हणतात.

पण त्याच दुकानात एक दुसरी सतार दुरुस्तीला आलेली होती. तिचा भोपळा कुठेतरी तडकला होता आणि प्रत्येक स्वराबरोबर खरखर येत होती. कोणी अजाण माणूस दोन्हींना ‘झणझण’च म्हणाला असता. चाचांनी दोन्ही मला ओळीने ऐकवल्या. जवारीचा आवाज सुराच्या आत राहतो, सुराला धरून वाढतो. तडकलेल्या भोपळ्याची खरखर सूर कोणताही असला तरी तशीच येते. मनात आले ते तोंडावर फेकणाऱ्याचा खरेपणा हा तडकलेल्या भोपळ्याचा आहे. समोर आई असो, शेजारी असो, पोर असो, त्याची खरखर तीच. अण्णांचा खरेपणा सुराला धरून होता: नेम मोडला हे त्यांनी सांगितले, पण नेम चुकीचा आहे असे म्हटले नाही, कोणावर बोट दाखवले नाही, वीणेपुढे हात जोडले, आणि त्यामुळे त्यांचे जे नुकसान व्हायचे होते ते मुकाट सोसले. खरेपणाची किंमत जो स्वतः मोजतो त्याचाच खरेपणा मी मानते. ती दुसऱ्याला मोजायला लावणाऱ्याचा मानत नाही. आणखी एक गोष्ट त्या दुकानात कळली. जवारी एकदा काढली की कायमची होत नाही. वाजवता वाजवता तारा घोडीवर खाचा पाडतात, आवाज बसतो, आणि पुन्हा कानस घ्यावी लागते. खरेपणाचेही तसेच आहे. एकदा कबुली देऊन जन्मभर खरे राहता येत नाही.

मग नेम आणि खरेपणा एकाच छपराखाली नांदू शकतात का? नांदू शकतात, आणि त्याचे जिवंत उदाहरण आहे. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्या माणसांनी सुरू केलेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ आज आपल्याकडेही चालते. तिथला नेम माळेइतकाच कडक आहे: एक थेंबही घ्यायचा नाही. पण तिथल्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी, दारूपुढे आपले काही चालत नाही, ही कबुली देण्याची आहे. आणि पाचवी पायरी आपल्या चुका नेमक्या कोणत्या ते देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी बोलून दाखवण्याची आहे. हा ‘आणखी एक माणूस’ फार महत्त्वाचा आहे. देवापाशी आणि स्वतःपाशी कबूल करणे आपल्याला तितके जड जात नाही, माणसापाशी जाते. आणि सदस्यत्वाची अट काय? दारू सोडलेली असणे ही नव्हे, सोडण्याची इच्छा असणे एवढीच. ज्याची काल घसरण झाली तो आज येऊन तसे सांगतो, त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात, पण त्याची खुर्ची कोणी काढून घेत नाही. नेम जागच्या जागी राहतो आणि माणूसही. आमच्या सप्ताहाच्या यादीत नेम राहिला आणि माणूस गेला, आणि खरे पाहता नेमही राहिला नाही, कारण तो मोडून गप्प बसलेले चौघे वीणा घेऊन उभे होते.

ही दृष्टी आपल्याला परकी आहे असे म्हणता येणार नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता, आणि त्यांनीच उसाचे वाकडे कांडे दाखवून विचारले होते की रस वाकडा असतो का. आमच्या भागात उसाच्या फडात वाढलेल्या पोराला तो अभंग समजावून सांगावा लागत नाही. सांगलीच्या बाजारात हळदीचा व्यापारीही वरच्या पॉलिशवर भाव करत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. माणसाच्या बाबतीत तेवढी तसदी आपण घेत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि नेमकी आहे. सप्ताह समित्यांनी माळेचा नेम ठेवावा. पण ज्याचा नेम मोडला आणि ज्याने तो मोडल्याचे स्वतः येऊन सांगितले, त्याचे नाव यादीतून खोडू नये. त्याला एक उपवास सांगावा, चंद्रभागेची एक खेप सांगावी, वाटल्यास त्या रात्रीचा पहारा दुसऱ्याला द्यावा. पण दुसऱ्या रात्रीचा त्यालाच द्यावा, आणि गळ्यात वीणा घालताना सगळ्या गावाने ते पाहावे. अशाने नेम सैल होईल, कोणीही उठून चूक कबूल करील आणि मोकळा होईल, अशी भीती मला बोलून दाखवली गेली आहे. मी उलट विचारते: गेल्या चाळीस वर्षांत अण्णा सोडून कोणी कबूल केले? चाळीस वर्षांत एक. कबुली इतकी स्वस्त असती तर खुंट्या मोकळ्या दिसल्या असत्या.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट बाकी राहते. त्या जावळाच्या पंगतीला वाढणारी मी होते, आणि त्या रात्री भाजी निवडत बसलेलीही मीच होते. वडीलधाऱ्यांनी अण्णांना ‘हे आत्ताच सांगायचं हुतं का’ असे विचारले तेव्हा मला सगळे ठाऊक होते, आणि मी मेथीच्या काड्या मोडत राहिले. माहेरी आलेल्या लेकीने गावच्या भानगडीत पडू नये, असे मी स्वतःला सांगितले. माझी अब्रू, माझे माहेर आणि भावांचे गावातले नाव स्वच्छ राहिले, आणि एक माणूस एकटा पडला. चौघांनी वीणा गळ्यात घेऊन जे केले तेच मी भाजी निवडत केले.

या दिवाळीनंतर सप्ताहाची बैठक झाली तेव्हा मी मुद्दाम गावी गेले आणि हे सगळ्यांसमोर सांगितले. त्या पंगतीला अण्णा एकटे नव्हते, मी स्वतः वाढत होते, आणि चार वर्षे मी हे बोलले नाही, एवढेच. “मग नावं सांगा की, आक्का,” एक जण म्हणाला. मी म्हटले की माझे मी सांगितले आहे. बाकीच्यांचे सांगायला मी आलेली नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. अण्णा मागे दाराशी बसले होते आणि त्यांनी मान वर केली नाही. मग चौघांपैकी एक जण उठून बाहेर गेला, आणि तो रागाने गेला की आणखी कशाने, हे मला सांगता येणार नाही. माझ्या मागणीवर निर्णय झालेला नाही. पहाऱ्याची यादी माघाच्या आधी पंधरा दिवस लागते.